पचनसंस्थेचे प्रयोग वर्गात: काही महिन्यांच्या वापरानंतर

जूनपासून सातवीच्या वर्गात पचनसंस्था हाताने करून दाखवते आहे. पिशवीचं जठर, नायलॉनच्या मोज्याचं आतडं, साडी, आयोडीन, सगळं आलटून पालटून वापरून झालं. कुठला प्रयोग ठेवावा आणि कुठला एकटा करू नये, याबद्दल आता माझं मत पक्कं झालंय.

सगळ्यात लोकप्रिय प्रयोग म्हणजे केळं आणि बिस्किटं पिशवीत घालून, वर पाणी आणि लिंबाचा रस ओतून कुस्करायची आणि तो लगदा मोज्यातून दाबत पुढे न्यायचा. मुलं यावर तुटून पडतात. मोज्याच्या जाळीतून ताटात तपकिरी थेंब पडायला लागले की शोषण म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. पण एवढ्यावरच थांबलात तर मुलं अर्धवट शिकून घरी जातात. आमच्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, चहात बिस्किट मऊ पडतं, मग तेही पचन का?" नेमकं इथेच घोडं अडतं. कुस्करून लगदा होतो, पण पिष्टाचा (स्टार्चचा) रेणू तुटत नाही. तो तोडायला विकर (एन्झाइम) लागतं, आणि पिशवीत ते नसतं.

म्हणून लाळेचा प्रयोग त्याच तासाला हवाच. भाताची पेज पाण्यासारखी पातळ करा आणि तीन नळ्यांत ओता. एकीत लाळ, दुसरीत उकळून गार केलेली लाळ, तिसरीत नुसतं पाणी. नळ्या दहा मिनिटं कोमट पाण्यात, साधारण 37 अंशांना ठेवा आणि मग आयोडीनचा थेंब टाका. उकळलेल्या लाळेची आणि पाण्याची नळी निळी-काळी होते, म्हणजे तिथे पिष्ट तसंच आहे; ताज्या लाळेची पिवळसर राहते, कारण लाळेतल्या विकराने ते तोडलं. पेज दाट असेल तर तिन्ही निळ्या होतात, हे लक्षात ठेवा. लाळ ज्याची त्याने स्वतःच्या नळीत घालायची आणि नंतर हात साबणाने धुवायचे.

इथेच मी डॉक्टर ब्यूमाँट आणि त्याचा रुग्ण सेंट मार्टिन यांची हकिकत सांगते. 1822 मध्ये बंदुकीची गोळी लागून सेंट मार्टिनच्या पोटाला पडलेलं भोक बुजलंच नाही. ब्यूमाँटने त्यातून जठररस काढून बाटलीत मांस पचवून दाखवलं. दाबणारं पोट नव्हतं, तरी मांस विरघळलं. ही गोष्ट मुलं विसरत नाहीत.

मोज्याचा आणखी एक उपयोग मला फार आवडतो. मोज्यात चेंडू घाला, तोंड वर धरा आणि चेंडूच्या खालून दाबत त्याला वर चढवा. अन्न गुरुत्वाकर्षणाने खाली पडतं, हा समज तिथल्या तिथे जातो. गोटी घेऊ नका, ती आपोआप घरंगळते. डोकं खाली करून घास गिळायला तर मुलांना कधीच सांगू नका, ठसका लागतो.

लांबीसाठी नऊवारी. नऊ वार म्हणजे 8.2 मीटर, आणि तोंडापासून गुदद्वारापर्यंतची सगळी नळी साधारण तेवढीच. एका मुलाने आजीची साडी आणली होती. व्हरांड्यात ती उलगडली तेव्हा ओळ मोडून सगळे धावले, आणि मग घड्या घालून ती पोटाएवढ्या जागेत बसवताना त्यांची जी धडपड चालली, त्यातून आतडं वेटोळं का असतं ते त्यांना उमगलं. खर्च शून्य.

एक उणीव सगळ्याच प्रयोगांत आहे. तासाभरात अन्न बाहेर पडतं! खरं तर जठरातच दोन ते चार तास जातात आणि मोठ्या आतड्यात एक दिवस किंवा त्याहून जास्त. फळ्यावर घड्याळ काढून वेळा लिहिल्या नाहीत तर मुलं हे चूकच लक्षात ठेवतात.

पित्तरस तेला-तुपाचे बारीक थेंब करतो, ते दाखवायला पाण्यावरच्या तेलात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून ढवळलं की तेलाचे थेंब बारीक होताना दिसतात. स्वादुपिंडासाठी मात्र स्वस्त आणि पटेल असं काही मला सापडलेलं नाही, तिथे आकृतीवरच भागवते. कोणी करत असेल तर जरूर सांगा.