लाळेवरून दम सांगणारी डीएनए किट: घ्यावी का?

जळगाव-धुळ्याकडे भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना ‘तुझ्या जीन्समध्ये दम आहे का’ सांगणारी लाळेची किट खुणावते. नमुना देणं सोपं: अर्धा तास आधी खाणं-पिणं, तंबाखू बंद, नळीवरच्या रेघेपर्यंत लाळ. फेस धरायचा नाही, नाहीतर लाळ कमी भरते आणि नमुना बाद होतो.

रिपोर्ट देखणा, आत माल कमी. सगळी भिस्त एसीटीएन३ आणि एसीई या जनुकांवर. एसीटीएन३ चा ‘एक्सएक्स’ प्रकार असला की स्नायूंत अल्फा-ॲक्टिनिन-३ हे प्रथिन बनत नाही, हे खरं. पण म्हणून पोरगं लांब पल्ल्याचंच, हे ओढूनताणून. हेरिटेज नावाच्या अभ्यासात २० आठवडे सारखाच व्यायाम देऊनही कुणाचा व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते, म्हणजे दमाचं माप) भरपूर वाढला, कुणाचा जेमतेम. त्या फरकात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ४७ टक्के निघाला, पण तो कितीतरी जनुकांत विखुरलेला. दोन-चार तपासून हाती लागत नाही.

त्यापेक्षा सपाट मैदानावर १२ मिनिटं पळवा. अंतराच्या मीटरमधून ५०४.९ वजा करा, ४४.७३ ने भागा. हा झाला व्हीओटू मॅक्सचा अंदाज; २४०० मीटरला ४२ च्या आसपास येतो. मे महिन्यात मात्र पहाटेच. आपल्याकडच्या उन्हात आकडा उगाच पडतो. किटच्या पैशात बरे बूट येतील.