पाठ ताठलीय, सूज नाही: एक्स-रे, सीटी की एमआरआय?

पन्नाशी-साठीचा माणूस, मधुमेह, थोडं वाढलेलं वजन. पाठ वाकत नाही, मान वळत नाही, पण ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्तचाचण्या नॉर्मल. अशा वेळी 'डिश'चा (डिफ्यूज इडिओपॅथिक स्केलेटल हायपरऑस्टोसिस) विचार करायचा. यात सूज नसतानाच मणक्यांच्या पुढच्या लिगामेंटमध्ये (मणके बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यात) हाड धरतं. गडहिंग्लज-चंदगडहून तपासणीला कोल्हापूर गाठणार असाल, तर थेट कंबरेच्या एमआरआयची घाई नको.

पहिला मान साध्या एक्स-रेचा, आणि तोही पाठीच्या मधल्या भागाचा, बाजूने काढलेला. डिशची खूण तिथेच सर्वात ठळक असते. नुसत्या कंबरेच्या फिल्ममध्ये ती सुटू शकते. रेस्निक आणि निवायामा यांचे 1976 चे निकष आजही वापरतात: सलग किमान चार मणक्यांवर मेणाच्या ओघळासारखं जाड हाड, मधल्या गाद्यांची उंची बऱ्यापैकी शाबूत, आणि माकडहाडाच्या वर, पाठीचा कणा आणि पेल्व्हिस (कटीचं हाड) जोडणारे एसआय सांधे झिजलेले किंवा आतून जुळलेले नाहीत. म्हणून पेल्व्हिसचाही एक फोटो त्याच फेरीत उरकावा. ओघळ बहुधा उजवीकडे जास्त दिसतो. डावीकडे महाधमनीचे ठोके हाड धरू देत नाहीत, असं मानतात.

अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या पाठ ताठवणाऱ्या, पण सुजेच्या आजारात हाडाचे पूल बारीक आणि उभे, एसआय सांधे खराब, आणि दुखणं बहुतेकदा पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेलं. तसा इतिहास नसेल तर साठीत एचएलए-बी27 या रक्तचाचणीवर पैसे घालू नयेत. ती निरोग्यांतही पॉझिटिव्ह येते.

सीटीत हाड सर्वात स्वच्छ दिसतं, पण किरणं जास्त. कोविडच्या वेळचा छातीचा एचआरसीटी (बारीक कापांचा सीटी) घरात असेल तर सीडी घेऊन जा आणि मणके बाजूने बघायला सांगा. कदाचित नवीन काही काढावंच लागणार नाही. एक अडचण: डिशमध्ये एसआय सांध्याच्या पुढून, वरच्या भागात पूल बनतो, आणि घाईत तो 'सांधा जुळलाय' म्हणून लिहिला जातो.

एमआरआयवर लिगामेंटही काळं आणि त्यातलं घट्ट हाडही काळं, म्हणून निदानाला तो कमकुवत. हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं असेल तर मात्र तोच हवा, कारण मज्जारज्जूवरचा दाब त्यातच कळतो.

डिशचा माणूस गाडीवरून साधा घसरून पडला आणि पाठ दुखू लागली, तर 'एक्स-रे नॉर्मल' यावर थांबू नका. जुळलेला मणका लांब हाडासारखा आडवा मोडतो आणि साध्या फोटोत ते निसटतं. सीटी त्याच दिवशी, आणि तोवर वाकलेली पाठ कोणी सरळ करायला जाऊ नये.