आयटीआयचा कोपा कोर्स : दहावीनंतर १७ वर्षांनी केला, त्याचा अनुभव

आमच्या गोव्यातल्या बऱ्याच जणी विचारतात म्हणून सविस्तर लिहितेय. कोपा म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट, एक वर्षाचा ट्रेड, दहावी पास पाहिजे. वय कमीत कमी १४, वर कितीही चालतं, माझं ३३ होतं आणि बॅचमधली पोरं सतरा-अठराची, पहिला आठवडाभर मला मॅडम म्हणत होती मग ताई म्हणायला लागली.

माझ्या भावाला अकरावीत सायबरएज योजनेत सरकारकडून कॉम्प्युटर मिळालेला, पण तो मला हात लावू द्यायचा नाही, त्यामुळे माऊस कसा धरायचा इथपासून माझी सुरुवात. आणि म्हणूनच हा कोर्स मला आवडला, कारण प्रॅक्टिकल ८४० तास आणि थिअरी फक्त २४०. विंडोज, लिनक्स, वर्ड, एक्सेल, मग डेटाबेस, वेबपेज बनवायला एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, आणि शेवटी पायथन नाहीतर जावा यातली एक प्रोग्रामिंगची भाषा, आम्ही पायथन घेतलं.

डेटाबेसचा एक दिवस मी विसरणार नाही. सरांनी आमच्याच बॅचची नावं आणि गावं घालून टेबल बनवायला सांगितलेलं. एका मुलीचं गाव चुकलेलं, ते मी अपडेट (माहिती बदलायची कमांड) मारून साखळी केलं आणि व्हेअर, म्हणजे कुठल्या ओळीत बदल करायचा ती अट, लिहायचं राहिलं, एंटर दाबलं तर सगळ्यांचीच गावं साखळी! काणकोणची पोरगी पण साखळीची. मला रडूच आलं, तासभर बसून टाईप केलेलं. सर ओरडले नाहीत, शेजारी खुर्ची ओढून म्हणाले, "आधी तेच व्हेअर लावून सिलेक्ट मारायचं, त्याने ओळी नुसत्या दिसतात, किती ओळी येतात बघायच्या, एकच आली तर मगच अपडेट." आता मी एका हॉटेलच्या अकाउंट्समध्ये आहे, तिथे पण अजून तसंच करते.

आता तक्रार. लॅबमधले काही पीसी बंदच, त्यामुळे बरेच दिवस एका मशीनवर दोघं, आणि जो कीबोर्डवर बसतो तोच शिकतो, दुसरा नुसता बघत राहतो. यूपीएसच्या बॅटऱ्या गेलेल्या, पावसात लाईट गेली की केलेलं सगळं जायचं, लेखी देऊनही वर्षभरात काही झालं नाही. एवढे तास प्रॅक्टिकलला ठेवायचे आणि मशीन द्यायची नाहीत हे बरोबर नाही, घरी कॉम्प्युटर नसलेली पोरंच जास्त येतात इथे, त्यांनी दुसरीकडे कुठे हात बसवायचा?

पुस्तकं इंग्रजीत. आम्ही चौथीपर्यंत मराठीतून आणि पाचवीपासून इंग्रजीतून शिकलेले त्यामुळे वाचता येतं, पण लूप (तीच कामं पुन्हा पुन्हा करून घेणारा कोड) काय ते मला सरांनी कोंकणीतून सांगितल्यावरच डोक्यात बसलं. थिअरीची परीक्षा कॉम्प्युटरवरच, पर्याय निवडायचे असतात, नीट अभ्यास केला तर अवघड नाही.

ज्यांना पुढे सॉफ्टवेअर कंपनीतच जायचंय त्यांनी बारावी करून बीसीए बघावं, एका वर्षात तेवढं होत नाही, पायथन तर जेमतेम फंक्शनपर्यंत पोचलं. पण ऑफिसात बसून काम करायचंय, हातात सरकारी सर्टिफिकेट हवंय, त्यांना मी चार स्टार देऊन सांगेन, घ्या. फक्त ॲडमिशनच्या आधी एकदा जाऊन लॅब बघा, किती पीसी चालू आहेत ते मोजा आणि सरळ विचारा की एका मशीनवर किती जणं बसवता.