परतला, उलटला की पूर्ववत झाला? ‘रिव्हर्ट’साठी मराठी क्रियापद निवडताना

‘रिव्हर्ट’ म्हणजे आधीच्या अवस्थेत जाणं. मुळात तो लॅटिनमधल्या ‘वळणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला; संस्कृतातला ‘वृत्’ धातू त्याचाच भाऊबंद. मराठीत त्याला एकच एक प्रतिशब्द नाही, आणि ते चांगलंच आहे. मराठी वाक्य लिहिताना ठरवावं लागतं: माघारी आलं ते काय, आधीची अवस्था बरी होती की वाईट, आणि हे आपोआप घडलं की कोणी घडवलं.

‘परतणे’ हे जागेचं क्रियापद. गेलेलं माणूस परततं, थंडी परतते, हरवलेला आत्मविश्वास परततो. जे निघून गेलं होतं तेच इथे कर्ता असतं. म्हणून ‘तापमान परतलं’ कानाला खटकतं. तापमान कुठे गेलेलं नसतं, बदललेलं असतं. दिशेचाही घोळ होतो. ‘परतीचा पाऊस’ म्हणजे निघून जाणारा पाऊस, पण ‘दोन आठवड्यांनी पाऊस परतला’ यात तो आलेला असतो. नुसतं ‘पाऊस परतला’ असा मथळा दिला तर वाचणारा छत्री घेईल की ठेवून देईल, सांगता येत नाही. तिथे ‘परत आला’ किंवा ‘माघारी गेला’ असं उघड लिहावं.

अवस्थेसाठी खरी निवड आहे ती ‘पूर्ववत होणे’ आणि ‘पूर्वपदावर येणे’ यांच्यात, आणि सर्वाधिक चुकाही इथेच होतात. ‘पूर्ववत’ म्हणजे ‘पूर्वीसारखं’. तो विकारी नाही: वाहतूक पूर्ववत, पुरवठा पूर्ववत, सगळीकडे तोच. (‘पूर्ववर्ती’ हा वेगळा शब्द, त्याचा अर्थ ‘आधी होऊन गेलेला’.) पण या शब्दाचा दावा मोठा आहे. चारपैकी दोन मार्ग खुले झाले तर वाहतूक ‘सुरू झाली’. पूर्ववत झाली नाही. ‘काही अंशी पूर्ववत’ हे तर स्वतःलाच खोडणारं वाक्य. अर्ध्या वाटेवरच्या गोष्टीसाठी ‘पूर्वपदावर येत आहे’ हवं, कारण ‘पूर्वपदावर येणे’ला ‘हळूहळू’ जोडता येतं. ‘पुन्हा पूर्ववत’मधला ‘पुन्हा’ बहुतेक वेळा फुकट जातो. लिहिताना ‘पू’ दीर्घ आणि शेवटचा ‘त’ पूर्ण. १९६२च्या लेखननियमांपासून अशा रूढ तत्सम शब्दांचा शेवट अकारान्त लिहितात.

आधीची अवस्था वाईट असेल तर ही दोन्ही क्रियापदं चुकीची. सोडलेली सवय पुन्हा लागली तर माणूस ‘मूळपदावर आला’ किंवा ‘ये रे माझ्या मागल्या’ झालं. यात नाराजी असतेच, त्यामुळे कार्यालयीन पत्रात जपून लिहावं. ‘अधिकारी मूळ पदावर आले’ हा टोमणा वाटू शकतो. ‘मूळ पदावर रुजू झाले’ यात काही संशय राहत नाही. आजारासाठी मात्र ‘उलटणे’ला तोड नाही. ‘ताप पुन्हा आला’ म्हटलं तर तो नवा तापही असेल. ‘ताप उलटला’ म्हटलं की उतरत आलेलं तेच दुखणं पुन्हा बळावलं, हे एका शब्दात कळतं. उलटण्याचे बाकीचे अर्थ (गाडी उलटली, महिना उलटला, माणूस उलटला) कर्त्यावरून कळतात, म्हणून कर्ता गाळू नये.

कोणी मुद्दाम मागे नेलं असेल तर गुंता वाढतो. ‘परत करणे’ म्हणजे वस्तू देणं, ‘परतवणे’ म्हणजे हल्ला मागे रेटणं. मजकुरासाठी दोन्ही निरुपयोगी. ‘बदल पूर्ववत करा’ ही सूचना नीट वाचून पाहा: बदल काढायचे की काढलेले बदल पुन्हा आणायचे? पूर्ववत व्हायचा असतो मजकूर, बदल नव्हे. ज्याने बदल केला त्याच्यासाठी ‘बदल मागे घ्या’, दुसऱ्यासाठी ‘बदल काढून मजकूर पूर्ववत करा’, ठरावीक आवृत्ती हवी असेल तर ‘सोमवारच्या आवृत्तीवर न्या’.

प्रोग्रॅममधले बदल टप्प्याटप्प्याने नोंदवून ठेवणाऱ्या ‘गिट’ या साधनात यापैकी एकही बसत नाही. तिथे रिव्हर्ट केल्यावर निवडलेल्या कमिटचा (म्हणजे नोंदवलेल्या बदलाचा) परिणाम पुसणारं नवं कमिट तयार होतं. जुनं कमिट इतिहासात राहतं आणि नंतरची कामंही तशीच राहतात. प्रकल्प पूर्वीसारखा होतोच असं नाही, म्हणून ‘त्या कमिटचे बदल उलटवले’ असं लिहिणं बिनचूक. ‘प्रकल्प पूर्ववत केला’ असं लिहिलं तर नंतरचं कामही गेलं, असा समज होतो.

राहिलं ईमेलमधलं ‘रिव्हर्ट करा’. तिथे हा शब्द ‘उत्तर द्या’ या अर्थाने वापरला जातो, आणि ‘या बदलाबद्दल उद्यापर्यंत रिव्हर्ट करा’ असा निरोप गेला की एक जण उत्तर लिहायला बसतो, दुसरा बदल काढून टाकतो. उत्तर हवं असेल तर ‘कळवा’ लिहावं. बदल काढून हवा असेल तर ‘काढा’.