टीएसएच ६.८: गोळी आजच, की दोन-तीन महिन्यांनी पुन्हा रक्त?

रिपोर्टवर टीएसएच ६.८, शेजारी वर जाणारा बाण, आकडा ठळक छापलेला. टीएसएच म्हणजे थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं पिट्युटरी ग्रंथीचं संप्रेरक; थायरॉइड मंदावली की ते चढतं. थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक, म्हणजे फ्री टी-फोर, मात्र अगदी मधोमध. समोर बसलेल्या बाई थकलेल्या आहेत, केस गळतायत, वजन दोन किलो वाढलंय आणि रिपोर्ट त्यांनी आपल्याआधीच वाचलेला आहे. जनरल प्रॅक्टिसमध्ये हा प्रसंग नेहमीचा. अशा वेळी एक तर २५ किंवा ५० मायक्रोग्रॅम लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडच्या संप्रेरकाची गोळी, त्याच दिवशी लिहून देता येतं, नाही तर दोन-तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासायचं ठरवून तोवर गोळी द्यायची नाही. प्रॅक्टिसची पहिली दहा-बारा वर्षं मी सरळ गोळी देत होतो. नंतर थांबायला लागलो. नव्याने दवाखाना सुरू करणारे मित्र हा प्रश्न वारंवार विचारतात, म्हणून दोन्ही बाजू सविस्तर लिहितोय.

हे सगळं टीएसएच साधारण साडेचार ते दहाच्या मधे आणि फ्री टी-फोर नॉर्मल असलेल्या प्रौढ माणसांबद्दल आहे. बाकीच्यांचं शेवटी.

गोळीची बाजू आधी मनापासून मांडतो, कारण मी ती उगाच धरली नव्हती. औषध जुनं आहे, ओळखीचं आहे, शरीरात तयार होतं त्याच रेणूचं आहे. लहान डोसने सहसा कुणाला त्रास होत नाही. पेशंट हातात काहीतरी घेऊन जातो आणि सहा आठवड्यांनी तपासणीला परत येतो. आणि धोका काल्पनिक नाही. इंग्लंडच्या ईशान्य भागात विकहॅम इथे जो मोठा पाहणी-अभ्यास झाला, त्यातल्या लोकांची वीस वर्षांनी पुन्हा तपासणी करून १९९५ मध्ये निष्कर्ष मांडले गेले. ज्या स्त्रियांचा टीएसएच वाढलेला होता आणि थायरॉइडच्या अँटीबॉडीही पॉझिटिव्ह होत्या, त्यांच्यात वर्षाला साधारण ४.३ टक्के या दराने उघड हायपोथायरॉइडिझम झाला, म्हणजे ग्रंथीचं काम खरोखरच कमी पडलं. नुसता टीएसएच वाढलेला असेल तर २.६ टक्के. हे आकडे वाचून मी तेव्हा म्हणायचो, पुढे होणारच असेल तर आजच का नको?

पण तोच आकडा दुसऱ्या बाजूने वाचून पाहा. सगळ्यात जास्त धोका असलेल्या गटातही शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक जणी त्या वर्षी उघड आजारापर्यंत पोचत नाहीत. मग दोन-तीन महिने थांबल्याने नेमकं काय बिघडणार? याचं पटणारं उत्तर मला सापडलं नाही.

शिवाय टीएसएच हा फार हळवा आकडा आहे. टी-फोर जरासा खाली सरकला की टीएसएच कितीतरी पटींनी उसळतो, आणि म्हणून तर तो पहिली चाचणी म्हणून इतका उपयोगी पडतो. तो रात्री आणि पहाटे चढलेला असतो, दुपारी उतरलेला. एखाद्या मोठ्या आजारातून माणूस उठत असताना तो काही आठवडे वर जातो. बाळंतपणानंतरच्या किंवा विषाणूमुळे होणाऱ्या थायरॉइडच्या सुजेत तो आधी खाली, मग वर आणि बऱ्याचदा पुन्हा जागेवर येतो. वजन जास्त असेल तर थोडा वर राहतो, वजन उतरलं की उतरतो. अमियोडेरोन (हृदयाच्या लयीसाठीचं) किंवा लिथियम (मानसिक आजारावरचं) ही औषधं चालू असतील तर त्यांचाही हात असू शकतो. वयाप्रमाणे त्याची वरची मर्यादाही सरकते. ऐंशीच्या पुढच्या निरोगी माणसात ७ हा आकडा त्या वयाला धरूनच असू शकतो, पण रिपोर्टवर बाण तोच छापला जातो. एकाच नमुन्यावरून आयुष्यभराची गोळी लिहिताना मी यातलं किती विचारत होतो? खरं सांगायचं तर फारच थोडं.

फायद्याचं म्हणाल तर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली ट्रस्ट ही औषध-चाचणी मला सगळ्यात बोलकी वाटते. पासष्टीच्या वरचे ७३७ जण, सुरुवातीचा सरासरी टीएसएच ६.४. वर्षभरानंतर गोळी घेणाऱ्यांचा ३.६३ झाला आणि औषध नसलेली, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचा ५.४८. थकवा आणि इतर लक्षणं मोजली तर दोन्ही गटांत फरक नाही. आकडा सुधारला, माणसाला मात्र फरक पडला नाही. आणि दिखाऊ गोळीवरच्यांचाही टीएसएच आपोआप काहीसा उतरलाच होता. अर्थात ही सगळी वयस्क मंडळी होती. तिशी-चाळिशीतल्या माणसाला हे जसंच्या तसं लावता येणार नाही, हे कबूल.

तरीही माझं मत अभ्यास वाचून बदललं नाही, ते एका पेशंटमुळे बदललं. पन्नाशीला आलेल्या एक शिक्षिका. टीएसएच ७.१. मी त्याच दिवशी २५ मायक्रोग्रॅम दिलं. सहा आठवड्यांनी ३.२ आला, दोघांनाही बरं वाटलं. मग वर्षाला एक रिपोर्ट, दरवेळी नॉर्मल, दरवेळी तीच गोळी पुढे. मधे त्यांची बदली झाली. तिथे थकव्याची तक्रार केल्यावर डोस ५० झाला, मग ७५. सहा वर्षांनी त्या परत आल्या तेव्हा छातीत धडधड होत होती आणि टीएसएच ०.२ होता. ईसीजी सुदैवाने ठीक निघाला. मी डोस कमी करत असताना त्यांनी शांतपणे विचारलं, "डॉक्टर, मला हा आजार मुळात होता का हो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. जुना केसपेपर काढला. त्या पहिल्या रक्ताच्या दोन आठवडे आधी त्या मोठ्या तापातून उठल्या होत्या, आणि ते माझ्याच अक्षरात त्याच पानावर वर लिहिलेलं होतं.

मला पटवून गेलेली अडचण हीच. गोळी एकदा सुरू झाली की पुढचा नॉर्मल टीएसएच मुका होतो. तो गोळीमुळे उतरला की आपला आपणच उतरला असता, हे त्या आकड्यावरून कधीच कळत नाही. गोळी लागू पडली असं पेशंटला वाटतं, डॉक्टरलाही वाटतं, आणि दर वर्षी ती समजूत आणखी पक्की होते. आपण निदान केलेलंच नसतं, पण उपचार मात्र यशस्वी झालेला दिसतो. मला हे इतर कुठल्याही तोट्यापेक्षा जास्त खुपतं.

त्यांची गोळी हळूहळू उतरवून बंद केली. आठ आठवड्यांनी टीएसएच ३.९, सहा महिन्यांनी ३.६, अँटी-टीपीओ (थायरॉइडच्या अँटीबॉडीची चाचणी) निगेटिव्ह. पण ते सहा महिने सोपे नव्हते. ग्रंथीला पुन्हा लयीत यायला काही आठवडे लागतात, त्या काळात जरा मरगळ आली की त्या घाबरायच्या. शेवटच्या गोळ्यांची एक पट्टी त्यांनी अर्धं वर्ष पर्समध्ये जपून ठेवली होती. आपल्याकडे "साखर निघाली" तसं "थायरॉइड निघाला" म्हणतात. एकदा निघालेला तो परत जातो, यावर कुणाचा विश्वास बसत नाही. गोळी सुरू करायला मला दोन मिनिटं लागली होती.

आणि जास्तीची गोळी निरुपद्रवी नसते. टीएसएच फार दाबला गेला तर हाडं विरळ होतात, हृदयाची लय बिघडते. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम इथल्या दीर्घ पाहणी-अभ्यासाच्या १९९४ सालच्या निष्कर्षांत साठीच्या वरच्या ज्या लोकांचा टीएसएच ०.१ किंवा त्याहून कमी होता, त्यांच्यात दहा वर्षांत एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा, धोका सुमारे तिप्पट होता.

आता थांबण्यातल्या अडचणी. त्या खऱ्याच आहेत. समजावायला दहा मिनिटं लागतात आणि बाहेर रांग असते. काहीजण परत येतच नाहीत. काहीजण दुसरीकडे जाऊन गोळी घेतात आणि मग डॉक्टरांनी दुर्लक्ष केलं असं म्हणतात. माझ्या अनुभवात यातलं बरंचसं एका गोष्टीने कमी झालं. मी "नंतर बघू" म्हणणं सोडलं आणि तारीख लिहून द्यायला लागलो. कागदावर पुढच्या तपासणीचा दिवस, नमुना सकाळीच, लॅब तीच, सोबत फ्री टी-फोर आणि एकदाच अँटी-टीपीओ. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर निदान दोन दिवस आधी बंद, कारण काही यंत्रांवर त्याने टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर खोटा जास्त दिसतो. आणि लक्षणं पेशंटच्याच शब्दांत: "दुपारी तीनला डोळे मिटतात", "जिना चढताना पाय जड". दुसऱ्या भेटीत हेच वाचून दाखवलं की बोलणं आकड्याच्या पलीकडे जातं. तोवर हिमोग्लोबिन, झोप, मनःस्थिती यांच्याकडेही बघून होतं, आणि थकव्याचं कारण अनेकदा तिथेच सापडतं.

तारीख दिलेल्यांपैकी बरेचजण परत येतात आणि त्यातल्या पुष्कळांचा टीएसएच तोवर खाली आलेला असतो. मी टक्केवारी काढलेली नाही, पण आता त्याचं आश्चर्य वाटत नाही.

मधली वाटही आहे. ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०१९ ची सूचना अशी, की पासष्टीच्या आतल्या लक्षणं असलेल्या माणसात तीन महिन्यांच्या अंतराने दोनदा टीएसएच वाढलेला आला, तर सहा महिन्यांपुरती गोळी देऊन पाहण्याचा विचार करावा. हे मला मान्य आहे, मात्र संपण्याची तारीख पहिल्याच दिवशी कागदावर हवी. ती नसेल तर पुन्हा त्या शिक्षिकेचीच गोष्ट. त्याच वर्षीच्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या शिफारशीने तर अशा प्रौढांना गोळी देऊच नये असं ठामपणे म्हटलं. त्यातही गर्भधारणेच्या प्रयत्नातल्या स्त्रिया, टीएसएच २० च्या वर असलेले, तीव्र लक्षणं असलेले आणि अगदी तरुण माणसं वगळली होती. मी तितका ठाम नाही.

या पेचातले अर्धे पेशंट आपणच तयार करतो, हेही नोंदवतो. काहीही त्रास नसलेल्या प्रौढांची सरसकट तपासणी करण्याएवढा पुरावा नाही असं अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१५ मध्ये म्हटलं, आणि कॅनडाच्या कार्यदलाने २०१९ मध्ये ती करू नये असंच सांगितलं. मी आता कारण लिहिल्याशिवाय टीएसएच लिहीत नाही.

थांबू नये अशा जागा मात्र पक्क्या लक्षात ठेवा. गरोदरपण किंवा त्याचा प्रयत्न चालू असणं. नवजात बाळ, जिथे दिवस मोजायचे असतात, आठवडे नाहीत. फ्री टी-फोर कमी असणं. पिट्युटरीचा आजार, कारण तिथे टीएसएचवर विसंबताच येत नाही. टीएसएच १० च्या वर असेल तर मी एकदा खात्री करून गोळीकडेच झुकतो. वयस्क किंवा हृदयरोगी असेल तर सुरुवात १२.५ किंवा २५ पासून.

अलीकडेच एकजण ठरल्या तारखेला आले. पहिला टीएसएच ६.९ होता, दुसरा १०.८, अँटी-टीपीओ भरपूर पॉझिटिव्ह, फ्री टी-फोर खालच्या काठावर. गोळी लिहिली, रिकाम्या पोटी घ्यायला सांगितली, लोह आणि कॅल्शियम चार तास लांब ठेवायला सांगितलं. त्यांनी विचारलं, "आता ही कायमची का?" मी म्हटलं, "बहुतेक हो." या वेळी तसं म्हणायला माझ्यापाशी दोन रिपोर्ट होते.