दाभोळ–धोपावे फेरीचा उतार: छोट्या होडीवाल्यांसाठी कसा आहे?

स्वतःची कायाक किंवा ट्रेलरवरची छोटी होडी घेऊन वाशिष्ठीच्या खाडीत शिरायचं, तर फेरीचा उतार हीच खरी कामाची जागा. जंगलजेटी, म्हणजे इथली फेरीबोट, 2003 पासून इथे गाड्या पलीकडे नेते आणि तिच्यासाठी केलेला काँक्रीटचा उतार थेट पाण्यात जातो. कोकणातले बरेचसे धक्के मोठ्या होड्यांच्या हिशोबाने बांधलेले. सुकतीला, म्हणजे ओहोटी पूर्ण झाल्यावर, त्यांची कड डोक्याच्या वर जाते, कायाकमधून हात पोचत नाही. दाभोळच्या बाजूला मासळीची वर्दळ असते. त्यापेक्षा पलीकडचं धोपावे बरं.

वेळ मात्र भरतीचीच पकडावी. तिथीच्या पाऊणपट म्हणजे भरतीचा तास: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा हिशोब मुंबईचा. दाभोळला पाणी त्याआधीच भरतं, म्हणून तास-दीड तास अगोदर पोचावं. पूर्ण सुकतीला उताराच्या टोकाशी गाळ लागतो, आणि काँक्रीट जिथे संपतं तिथे ट्रेलरचं चाक खाली बसलं की गाडीची चाकं नुसती जागच्या जागी फिरतात. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या, दिवसांत हा त्रास सगळ्यात जास्त, कारण पाणी तेव्हाच सगळ्यात खाली जातं.

उतारावर भरतीच्या रेषेखाली शेवाळाचा हिरवा पट्टा असतो. ओढणाऱ्या गाडीचं चाक त्यावर कधीच न्यायचं नाही. गाडी कोरड्यावर थांबवा, चाकामागे दगड लावा आणि दहा-बारा मीटरच्या दोरीने ट्रेलर खाली सोडा. कडेला कालवं चिकटलेली असतात, ती ब्लेडसारखी कापतात. हवा भरलेली होडी ओढत नेलीत तर तळ गेलाच म्हणून समजा. दोघांनी उचलून न्यावी.

मधोमध थांबू नका, तिथे फेरीची फळी पडते. खलाशांना विचारून, फेरी सुटल्यावर पंख्याचं पाणी शांत झालं की कडेने उतरा. एवढा शिष्टाचार पाळला की सहसा कोणी अडवत नाही. इंजिन असेल तर नोंदणीचे कागद सोबत हवेत.

होडी धक्क्याला बांधून जेवायला जाणार असाल, तर दोरीला ढील ठेवा. ताणून बांधलेली होडी ओहोटीला लटकते. धक्क्याखाली सरकलेली होडी भरतीला तुळयांखाली दबते.

2016 च्या कायद्याने ही खाडी राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 28 झाली. नुसत्या क्रमांकाने काही वल्हवणाऱ्याला पायरी मिळत नाही, ते असो. दुपारी खारा वारा सुटला आणि पाणी ओसरत असलं की मुखाशी लाटा उभ्या राहतात. तेव्हा पश्चिमेकडे जाऊ नये. फिरायचं तर भरती लागल्यावर तिच्यासोबत आत चिपळूणच्या दिशेने जावं. चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या आसपास मगरी आहेत. काठावरच्या चिखलात त्या उन्हाला पडलेल्या दिसतात, म्हणून तिथे हातपाय पाण्यात सोडून बसायचं नाही.