एलव्हॅड की हृदयप्रत्यारोपण?

हार्ट फेल्युअरला औषधं पुरेनाशी झाली की डॉक्टर दोन मोठ्या शस्त्रक्रियांचा विषय काढतात: दात्याचं हृदय बसवणं, किंवा हृदयाच्या डाव्या बाजूला पंप, म्हणजेच एलव्हॅड, जोडणं. (आयसीयूत लावतात तो बलून पंप किंवा इम्पेला नावाचा छोटा पंप तात्पुरता असतो, त्याची इथे गल्लत नको.)

आयुष्य किती वाढेल एवढंच पाहायचं तर प्रत्यारोपण सरस. निम्म्याहून अधिक रुग्ण त्यानंतर दहा वर्षांहून जास्त जगतात. हार्टमेट 3 या पंपाच्या मोठ्या चाचणीत पाच वर्षांनी सुमारे 58 टक्के रुग्ण हयात होते. पण दात्याचं हृदय कधी मिळेल हे कुणाच्याच हातात नसतं. पंप तयार असतो. शिवाय फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब फार वाढल्यामुळे प्रत्यारोपण नाकारलं गेलं असेल, तर काही महिने पंपावर काढल्यावर तो दाब उतरून ती वाट पुन्हा खुली होऊ शकते.

रोजचं जगणं मात्र अगदी वेगळं. एलव्हॅडची वायर पोटातून बाहेर येते, पंप चालवणारा कंट्रोलर आणि दोन बॅटऱ्या सतत अंगावर, झोपताना विजेची जोडणी. पोहणं बंद, एमआरआय बंद. वायरच्या जागेचं ड्रेसिंग नेमाने करावं लागतं, कारण तिथूनच जंतुसंसर्ग आत शिरतो. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घ्यावं लागतं, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा) बहुधा 2 ते 3 च्या दरम्यान ठेवतात. तरीही आतड्यातून रक्तस्राव आणि पक्षाघात हे धोके उरतातच. हार्टमेट 3 असेल तर ॲस्पिरिन खरंच हवी का, हे जरूर विचारा. ती वगळल्यास गुठळ्या न वाढता रक्तस्राव कमी होतो, असं 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. आणखी एक, या रुग्णांची नाडी बऱ्याचदा हाताला लागत नाही. घरातल्या सगळ्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर नको त्या वेळी घबराट उडते.

प्रत्यारोपणानंतर वायर नाही, बॅटरी नाही. पण प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या जन्मभर, आणि त्यांच्यामुळे संसर्ग, किडनीची हानी, कर्करोग यांचा धोका. शरीर नवं हृदय नाकारत नाही ना, हे पाहायला पहिल्या वर्षी वारंवार बायॉप्सी, म्हणजे हृदयाचा बारीकसा तुकडा काढून तपासणं.

एलव्हॅड सुचवला असेल तर हृदयाची उजवी बाजू किती सक्षम आहे, हा माझ्या मते पहिला प्रश्न. पंप फक्त डावीकडचा भार उचलतो, उजवी बाजू खचलेली असेल तर तो एकटा पुरत नाही. दुसरा प्रश्न घरच्यांसाठी: ड्रेसिंग कोण करणार? ते नाव शस्त्रक्रियेआधी ठरू द्या, आणि त्या व्यक्तीलाही डॉक्टरांसमोर बसवा.